पान बोललं पाहिजे

भालूदादांच्या खोलीत कोणालाही गप्प उभं राहता यायचं नाही. आत पाऊल टाकलं की आपलं नाव सांगायचं, जाताना 'निघाले' म्हणायचं, आणि मध्येच खुर्ची हलवली तरी तेही बोलून दाखवायचं, असा तिथला नियम होता. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. चिकू न्यायला येणारा उंबरगावचा व्यापारी मुद्दाम थट्टा करायचा. अंगणातूनच तो सुरू व्हायचा की भालूभाई, मी आलो, चप्पल काढतो, आता पायरी चढतो, आता घाम पुसतो. दादा हसून म्हणायचे, "एवढं नको रे. आलास आणि गेलास, तेवढं कळलं तरी पुरे."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तलासरी तालुक्यातल्या झरीची. घरची थोडी भातशेती, बाकी सगळी मजुरी. डहाणूच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली होती आणि ती घेऊन घरात बसले होते. कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं की डहाणू रोडला लागून मसोलीत राऊतांची वाडी आहे, तिथले भालचंद्र राऊत लोकांना वेबसाइटी आणि फॉर्म बनवून देतात, त्यांना सोबतीला कोणी हवं आहे. सकाळच्या जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू रोड, आणि पुढे विचारत विचारत मी त्या वाडीत पोचले. चिकू भरायच्या शेडला लागून एक खोली होती. आत टेबलाशी एक उंच, सडसडीत गृहस्थ लॅपटॉपवर झरझर टाइप करत होते. मोठ्या माणसाने बोलावल्याशिवाय आत जायचं नाही असं वळण आमच्या घरचं, म्हणून मी दारात उभी राहिले.

बराच वेळ गेला. मग टायपिंग थांबलं आणि ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "दारात कोण आहे? बोला. न बोलणाऱ्या माणसाची मला भीती वाटते."

मी घाईघाईने नाव, गाव, शिक्षण सगळं सांगून टाकलं. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. त्यांना दिसत नाही हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी मला कोडिंगचं काही विचारलं नाही. खोलीत काय काय आहे ते सांग, म्हणाले. मी टेबल सांगितलं, दोन खुर्च्या, पंखा, कोपऱ्यातले रिकामे क्रेट. "आणि पंख्याला जाळं?" त्यांनी विचारलं. जाळं होतं. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून मी ते गाळलं होतं. आहे, म्हटलं. "मग ते आधी सांगायचं. मंगलताई गेला आठवडाभर मला सांगते आहे की पंखा पुसला." ते इतके खूश झाले की उद्यापासून ये, एवढंच म्हणाले आणि परत टाइप करायला लागले.

मंगलताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. वाडी तीच सांभाळायची: तोडणी, पॅकिंग, व्यापारी, मजूर, सगळं. तिने लग्न केलं नव्हतं. दादांनीही नाही. दादा आधी मुंबईत मोठ्या कंपनीत होते. लहानपणापासून त्यांना रात्रीचं कमी दिसायचं. संध्याकाळ झाली की मंगलताई त्यांचा हात धरून त्यांना वाडीतून घरी आणायची. तिशीत बाजूचं दिसेनासं झालं. ते सांगायचे की बोगद्यातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं आणि बोगदा दरवर्षी लांबत जायचा. चाळिशीत तो बंद झाला. कंपनीने त्यांना जा म्हटलं नव्हतं. ते आपणहून परत आले, कारण तिथे सगळे त्यांच्याशी फार हळू आवाजात बोलायला लागले होते. "मी काही आजारी नव्हतो," ते म्हणायचे, "पण मी आजारी आहे असं त्यांना इतकं वाटायचं की मलाही ताप आल्यासारखं व्हायचं."

त्यांचा लॅपटॉप बोलायचा. पडद्यावर जे असेल ते एक यांत्रिक आवाज वाचून दाखवायचा, तोही इतक्या वेगाने की मला पहिले काही दिवस त्यातला एक शब्द कळला नाही. शेडमधल्या बायकांना वाटायचं की आतला रेडिओ बिघडला आहे. दादा त्या आवाजाला 'आमचा गडी' म्हणत. गडी बडबडायचा, दादा मान हलवायचे, आणि मध्येच चूक सापडली की टेबलावर टिचकी मारायचे. माझ्या हातून घाई व्हायची तेव्हा त्यांचा एक ठरलेला गुजराती शब्द होता, 'शांतीथी'. "शांतीथी कर, कल्पना. पान कुठे पळून जात नाही." तो शब्द ते व्यापाऱ्याला म्हणायचे, मंगलताईला म्हणायचे, आणि वीज गेली की स्वतःलाही म्हणायचे.

मी कामाला लागल्यावर वर्षभरातच आमच्याकडे एक मोठं काम आलं. तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर फिरता दवाखाना चालवणारी एक संस्था होती. डॉक्टरांनी तपासण्याआधी पाड्यावरच्या प्रत्येक घराची माहिती वेबसाइटवर भरायची, म्हणजे कोणाला काय औषध दिलं ते पुढच्या खेपेला कळेल. त्यांचा आधीचा फॉर्म होता, त्यात घरातल्या माणसांसाठी आठ ओळी छापल्यासारख्या पक्क्या होत्या. ज्या घरात दोघंच, तिथे सहा ओळी रिकाम्या. माझ्या घरी आम्ही आठांहून जास्त होतो. धाकट्या काकांची मुलं कुठे लिहिली असती, असं दादांनी मला विचारलं. मी म्हटलं, लिहिली नसती.

"माणसं आधी, मग पेट्या," दादा म्हणाले. "ताई काय करते? चिकू बघते आणि तेवढ्या पेट्या काढते. उद्या आठच पेट्या काढून ठेवल्या आणि उरलेले चिकू झाडावर ठेवा म्हणाली, तर?"

तसा फॉर्म करणं अवघड नव्हतं. पान उघडलं की एकच ओळ दिसायची: नाव, वय, नातं. खाली एक बटण, 'आणखी माणूस जोडा'. ते दाबलं की कोडमधल्या यादीत एक नोंद वाढायची आणि आम्ही वापरत होतो ते फ्रेमवर्क ती यादी बघून पानावर तेवढे रकाने आपोआप तयार करायचं. मी ते एका दिवसात केलं. बटण दाबावं आणि मोकळ्या पानावर तीन नवे रकाने उगवावेत, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटायचं. मी उगीचच पुन्हा पुन्हा बटण दाबत बसले होते. मग दादांना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली, बोटांनी चाचपत बटणावर आले, दाबलं. गडी गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं. गडी गप्पच.

"आली ओळ?" त्यांनी विचारलं.

"आली की, दादा. दोन आल्या."

"मला कोणी सांगितलं नाही."

ते रागावून बोलले नव्हते. पण माझा उत्साह उतरला. पडद्यावर जे नव्याने उगवतं ते डोळ्यांना आपसूक दिसतं, वाचणाऱ्या आवाजाला मात्र ते कोणीतरी सांगावं लागतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पुढे ते मला नेहमी म्हणायचे, "पान बोललं पाहिजे. काही आलं तर बोललं पाहिजे, गेलं तरी बोललं पाहिजे." मी पानात एक अदृश्य जागा केली. ओळ आली की तिथे एक वाक्य उमटायचं आणि गडी ते वाचायचा: 'नवीन ओळ आली. नाव लिहा.' आणि टाइप करायची जागा आपोआप नव्या नावाच्या रकान्यात जायची. ते वाक्य काय असावं यावर आमचा अख्खा एक दिवस गेला. मी आधी 'नवीन नोंद यशस्वीरीत्या समाविष्ट झाली' असं लिहिलं होतं. दादांनी ते दोनदा ऐकलं आणि विचारलं की हे माणसाला सांगते आहेस की तहसीलदाराला.

ओळ काढायच्या बटणावर तर आमचं भांडणच झालं. ओळ काढली की टाइप करायची जागाही तिच्याबरोबर नाहीशी व्हायची आणि दादा एकदम पानाच्या अगदी वर, शीर्षकापाशी जाऊन पडायचे. तिथून सगळं पान ऐकत ऐकत पुन्हा खाली यायचं. "तू मला मधल्याच स्टॉपवर उतरवलंस," ते म्हणाले, "आणि बस निघून गेली." मी म्हटलं, वेळ कमी आहे, संस्थेला फॉर्म पुढच्या आठवड्यात हवा आहे, तिथे भरणाऱ्या सगळ्यांना दिसतं. संध्याकाळी मी निघाले तेव्हा दादा म्हणाले, "तिथे सगळ्यांना दिसतं म्हणतेस. पाड्यावर उन्हात मोबाइलचा पडदा कोणाला दिसतो, ते मला सांग." दुसऱ्या दिवशी मी ते नीट केलं. ओळ काढली की तिच्या वरच्या ओळीवर यायचं.

पहिली चाचणी झरीला ठरली. माझ्याच गावात, शाळेच्या ओसरीवर. दादा म्हणाले की मी येणार. संस्थेच्या समन्वयक बाईंना ते पटलं नाही. तिथे गर्दी असते, जागा उंचसखल असते, तुम्ही कशाला त्रास घेता, असं त्या फोनवर म्हणाल्या. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मंगलताईला टेम्पोवाल्याला सांगायला लावलं.

थंडीचे दिवस होते. ओसरीवर बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. दोन टेबलांवर संस्थेच्या मुली मोबाइलवर माहिती भरत होत्या, आणि तिसऱ्या टेबलावर दादा लॅपटॉप घेऊन बसले. कोणी त्यांच्याकडे जाईना. शेवटी माझी आईच समोर जाऊन बसली आणि आमच्या घरची सगळी माणसं सांगू लागली. गडी प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होता. ते ऐकून बायका हसायला लागल्या आणि मग त्याच टेबलापुढे रांग लागली. मशीन आपलं नाव घेतं म्हणजे काय, ते प्रत्येकीला ऐकायचं होतं.

दुपारी आमच्या पाड्यावरची जानीबाई आली. तिच्या घरची माणसं शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आधीच भरून घेतली होती, पण तिला मशीनकडून ऐकायची होती. दादांनी तिचं घर उघडलं आणि गडी वाचू लागला. नवरा, ती, सासू, सून, नातू. वाचता वाचता दादांनी टेबलावर टिचकी मारली. गड्याने सासूचं नाव घेतलं होतं आणि वय सांगितलं होतं वीस. सुनेच्या नावापुढे सासूचं वय आलं होतं, आणि दोन वर्षांच्या नातवापुढे त्याच्या आईचं.

दादांनी त्या मुलीला बोलावलं आणि काय काय केलं ते हळूहळू विचारलं. तिने आधी जानीबाईचा मुलगा लिहिला होता. मग कळलं की तो घरात नसतो, खलाशी म्हणून होडीवर जातो, पोरबंदरकडे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. घरात राहणारीच माणसं लिहायची असं तिला सांगितलेलं, म्हणून तिने मधली ती ओळ काढून टाकली. ओळ निघाली, खालची नावं एकेक ओळ वर सरकली, पण वयाचे रकाने जिथल्या तिथेच राहिले.

दादांचा चेहरा उतरला. ते उभे राहिले आणि समन्वयक बाईंना म्हणाले की आत्ताच्या आत्ता भरणं थांबवा, यात चूक आहे आणि ती माझी आहे. ओळींना नंबर त्यांच्या जागेवरून द्यायचे, हे मीच कल्पनाला सांगितलं होतं. बाई वैतागल्या. डॉक्टर आले होते, माणसं कामं सोडून बसली होती. एखादं वय नंतर दुरुस्त करू, असं त्यांनी सुचवलं. दादा म्हणाले, "बाई, वय बघून तुम्ही गोळी देणार ना? मग या पोराला कितीची द्याल?" बाईंनी लोकांना थांबायला सांगितलं आणि आमच्यासाठी चहा पाठवला.

आम्ही ओसरीच्या कोपऱ्यात बसून ते दुरुस्त केलं. दादा सांगत होते, मी लिहीत होते. "माणसाला तो कितव्या जागेवर बसलाय त्यावरून ओळखायचं नाही," ते म्हणाले. "ओळ जन्माला आली की तिला तिची स्वतःची खूण द्यायची. ती वर जाऊ दे, खाली जाऊ दे, खूण तीच." आम्ही प्रत्येक ओळीला अशी खूण दिली आणि तिच्या रकान्यांना तीच खूण जोडली. मग मधल्या ओळी काढून बघितल्या, पुन्हा घातल्या. वयं ज्याची त्याच्याजवळ राहिली. मी घाईने टाइप करून पुन्हा पुन्हा चुकत होते. ते शांतीथी, शांतीथी म्हणत होते, आणि त्यांचा स्वतःचा पाय टेबलाखाली हलत होता.

काम सुरू झाल्यावर त्यांनी जानीबाईला परत बोलावलं. वयं नीट केली. मग विचारलं, "मुलाचं नाव काय म्हणालात?"

तिने सांगितलं, पण तो घरात नाही, असंही म्हणाली.

"घरात नाही. पण घरचा आहे ना?" दादांनी बटण दाबलं. गडी म्हणाला, नवीन ओळ आली, नाव लिहा. दादांनी लिहिलं, काळू. गड्याचा आवाज हिंदी वळणाचा होता. त्याने वाचलं, कालू.

जानीबाई पुढे वाकली. कालू नाही, काळू, तिने लॅपटॉपला बजावलं. गड्याने पुन्हा कालूच वाचलं. आजूबाजूच्या बायका हसल्या, ती हसली नाही. ती त्या यंत्राकडे बघत दादांना हळूच म्हणाली, "असू दे. परत सांग म्हणा त्याला."

दादांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. तिने थांबा म्हणेपर्यंत ते बटण दाबत राहिले, आणि मागची रांग तोवर थांबून राहिली. त्या रात्री मी झरीतच राहिले. दादा टेम्पोतून मसोलीला गेले. जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की प्रत्येक ओळीत आणखी एक खूण ठेव, 'सध्या बाहेरगावी', आणि ती केली तरी ओळ काढायची नाही. समन्वयक बाईंनी ते लगेच मान्य केलं. पुढे त्या फॉर्मवर पाड्यापाड्यांतली होडीवर गेलेली, वीटभट्टीवर गेलेली, वापीच्या कारखान्यात गेलेली माणसं आपापल्या घरच्यांबरोबर एका पानावर राहिली.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, असं मला आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. सकाळी एसटीतून उतरायचं, शेडमधल्या चिकूच्या गोडसर वासातून खोलीत यायचं, मी आले म्हणायचं, आणि दादांनी मागच्या संध्याकाळी अर्धवट सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचं. दुपारी मंगलताई आमच्या मध्ये एक ताट ठेवायची आणि आम्ही दोघं जेवताना कोडबद्दल बोललो तर रागवायची.

गड्याचा आवाज मोठा झालाय हे माझ्या आधी मंगलताईच्या लक्षात आलं. शेडपर्यंत ऐकू येतो, ती म्हणाली. मला वाटलं, बायकांची पॅकिंगची बडबड असते म्हणून असेल. मग त्यांनी गड्याचा वेग कमी केला. वाऱ्यासारखा बोलणारा तो आवाज सावकाश बोलू लागला आणि एक दिवस मला त्याचा शब्द न् शब्द कळला. त्या दिवशी मी 'मी आले' म्हटलं, आणि त्यांनी मान वळवली नाही.

मुंबईला दाखवून आल्यावर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. काही जणांत डोळ्यांचा हा आजार कानांनाही धरतो. त्यांच्यात तो उशिरा निघाला. कानाला यंत्र लावून थोडे दिवस निभेल, पुढे नाही. "एकाच घरातले दोन चोर," ते म्हणाले. "पहिल्याने पत्ता दिला असणार." मंगलताई उठून बाहेर गेली. दादांनी वाट बघितली आणि मग विचारलं, "बोलतेस आणि मला ऐकू येत नाही, की बोलत नाहीस?" बोलत नाही, मी मोठ्याने म्हटलं. त्यावर ते म्हणाले की मग ठीक आहे.

त्यांनी ब्रेल शिकायला घेतलं. लहानपणी त्यांना थोडं दिसत असल्यामुळे कोणी ते शिकवलंच नव्हतं, आणि पन्नाशीच्या आसपास बोटं ऐकत नाहीत. लॅपटॉपला जोडायची एक पट्टी आली. पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर बारीक टिंबांतून वर यायची. ते तासन्‌तास त्या टिंबांवर बोटं फिरवत आणि शिव्या देत. शिव्या त्यांना स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे शेडपर्यंत जायच्या, आणि मंगलताई बायकांना उगाच कामाला लावायची. पण ते शिकले. पाऊस संपता संपता त्यांनी आमचा झरीचा फॉर्म उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांनी वाचला.

त्यांच्याशी बोलायचं तर तळहातावर लिहावं लागे. ते मंगलताईने शोधून काढलं होतं. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा शाळेतल्यासारखं नीट लिहिलं, प्रत्येक अक्षरावर रेघ देऊन. त्यांनी हात मागे घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. "शिरोरेघ देऊ नकोस गं. गुदगुल्या होतात." मग आमची बिनरेघेची मराठी सुरू झाली. जोडाक्षरं टाळायची, काना-मात्रा घाईने द्यायचे. शब्द अर्धा झाला की ते पुढचा ओळखत, आणि चुकीचा ओळखला तरी हट्टाने तोच खरा धरून बोलत राहत.

पुण्याच्या एका कंपनीचा नोकरीसाठी मेल मला आला तेव्हा मी तो कोणाला सांगितला नाही. अंध माणसांना वापरता येतील अशी पानं करणारी ती कंपनी होती आणि माझं नाव दादांनीच त्यांना कळवलं होतं, हे मला नंतर कळलं. मी जाणार नव्हते. एक दिवस दादांनीच विचारलं, पुण्याला जातेस ना. मी त्यांच्या तळहातावर लिहिलं, 'नाही'. त्यांनी तळहात मिटून घेतला. मग म्हणाले, "तू इथे राहिलीस तर माझा कान होऊन राहशील. मला कान नको होता, कल्पना. मला बरोबरीने काम करणारं माणूस हवं होतं. ते मला मिळालं. आता ते वाया घालवू नकोस." मी रडत होते हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर माझ्या बाजूला सरकवला.

मी पुण्याला आले. आम्ही एकमेकांना मेल लिहायचो. त्यांचे मेल छोटे, स्वल्पविरामाशिवाय. पण दर रविवारी सकाळी मंगलताई मला फोन लावून त्यांच्या हातात द्यायची, आणि ते बोलायचे. मी बोललेलं त्यांना ऐकू येणार नव्हतं. आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे तो सपाट झाला होता, मध्येच उंच जायचा. तरी ते बोलायचे. वाडीत काय चाललंय, व्यापारी कसा म्हातारा झालाय, बोटं आता किती वेगाने वाचतात. आणि शेवटी म्हणायचे, "आता ठेवतो. मध्ये तू काही बोलली असशील तर लिहून पाठव." मी पहिल्या एक-दोन रविवारी नुसती ऐकत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की ते वाक्यांच्या मध्ये थांबतात. मी उत्तर द्यावं म्हणून तेवढी जागा सोडतात. त्यानंतर मी त्या जागांमध्ये बोलायला लागले. माझ्यासोबत राहणारी मुलगी विचारायची की त्यांना ऐकू येत नाही ना, मग कोणाशी बोलतेस. मी तिला सांगायचे, दादांशी.

मागच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि दादा गेले. मंगलताईने मला कळवलं तेव्हा सगळं आवरून झालं होतं. मी डहाणूला गेले, तिच्याजवळ दोन दिवस राहिले. ती शेडमध्ये काम करत होती आणि मी तिच्या शेजारी बसून चिकू निवडत होते. खोलीचं दार उघडं होतं. आम्ही दोघी आत गेलो नाही.

रविवारी सकाळी अजूनही मी दुसरं काही ठरवत नाही. चहा करते आणि खिडकीशी बसते. तो शेवटचा फोन मला बराचसा पाठ आहे. त्या दिवशी ते खोकत होते, पण खुशीत होते. मंगलताईने पंख्याचं जाळं खरंच काढलंय असं ती म्हणते, पण आता तपासायला कोण आहे, असं म्हणाले. नवीन कलमांना फुलं धरली आहेत, सकाळी धुकं असतं, आणि धुक्याचा वास येतो हे लोकांना माहीतच नाही, असंही म्हणाले. मग त्यांनी विचारलं,

"पुण्यात थंडी पडली का?"

आणि ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पडली, दादा," मी म्हटलं. "खूप पडली आहे."

"पडली असेल," ते म्हणाले. "स्वेटर घालत जा."